तुम्ही दुसऱ्या मैदानावर असताना: एकाच वेळी अनेक संघ सांभाळणाऱ्या प्रशिक्षकांसाठी

मुंबईत मुलांना खेळ शिकवणारा प्रशिक्षक सहसा एका संघाचा नसतो. शाळेचा १४ वर्षांखालचा संघ, १६ खालचा संघ, नुकताच सुरू झालेला मुलींचा संघ, आणि शिवाय आपण स्वतः जिथे खेळलो त्या क्लबातली रविवारची पोरं. शाळा एकाच पगारात तीन संघ देते, क्लब मानधनाऐवजी मान देतो, आणि नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. मग नोव्हेंबर उजाडतो. एकाच सकाळी एक मॅच आझाद मैदानात, दुसरी गोरेगावला.

अशा दिवशी बहुतेक जण एकच करतात: पहिल्या मॅचचा टॉस उरकून स्टेशन गाठतात, दुसरीकडे पोहोचेपर्यंत चार विकेट गेलेल्या असतात, आणि मधला वेळ फोनवर ‘आता कोण खेळतंय’ विचारण्यात जातो. दोन्ही संघांना अर्धा प्रशिक्षक मिळतो.

या लेखातली प्रत्येक पायरी एकाच गोष्टीवर उभी आहे. चार संघ असतील तर निदान निम्म्या सामन्यांना तुम्ही नसणार. आपण कुठे असणार याचं नियोजन सगळेच करतात. आपण जिथे नसणार तिथे काय होईल, याचं नियोजन करायचं आहे. उदाहरणं मुख्यतः क्रिकेटची आहेत, पण कबड्डी, खो-खो, फुटबॉलवाल्यांनाही ती थोड्या फरकाने लागू पडतील.

हो म्हणण्याआधी तास मोजा

जूनमध्ये, शाळा सुरू होताना, एक कागद घ्या. एका संघाला आठवड्याला काय लागतं? दोन सराव म्हणजे ४ तास. एक सामना, साधारण ५ तास. प्रवास, मुंबईत कमीत कमी ४ तास. पालकांचे फोन, प्रवेशिका, ओळखपत्रं, मैदानाची विचारणा, २ तास. झाले १५. तीन संघांचे ४५. तुम्ही क्रीडाशिक्षक असाल तर हे सगळं शाळेचे तास सोडून.

हा हिशोब मुख्याध्यापकांपुढे किंवा क्लबाच्या सेक्रेटरीपुढे ठेवायचा. रडगाणं म्हणून नव्हे, मागणी म्हणून: तिसरा संघ हवा असेल तर एक मदतनीस हवा, मुलींच्या संघासोबत प्रत्येक सामन्याला एक शिक्षिका हवी, आणि प्रत्येक संघाला स्वतंत्र प्रथमोपचार पेटी हवी. हे जूनमध्ये लेखी मागितलं तर मिळण्याची शक्यता असते. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मागितलं तर ‘सर, या वेळी सांभाळून घ्या’ एवढंच मिळतं.

मला विचाराल तर एका माणसाने तीनपेक्षा जास्त संघांचा मुख्य प्रशिक्षक होऊ नये. चौथ्या संघाला सल्लागार म्हणून जावं आणि तसं आधीच सांगावं.

वर्षाचं कॅलेंडर एकच, तेही भिंतीवर

प्रत्येक संघाची वेगळी वही ठेवली की क्लॅश दिसत नाहीत, ते आदल्या दिवशी कळतात. म्हणून सगळे संघ एका मोठ्या कागदावर, किंवा मोबाइलवरच्या एकाच तक्त्यात. आडव्या ओळीत तारखा, उभ्या रकान्यात संघ. ड्रॉ अजून लागले नसले तरी मुंबईचं वर्ष बरंचसं आधीच ठाऊक असतं, तेवढं भरून टाका.

पावसाळा फुटबॉलचा. मोठ्या माणसांच्या क्रिकेटमध्ये कांगा लीग १९४८ पासून पावसातच चालत आली आहे, पण मुलांचं क्रिकेट तेव्हा बहुतेक इनडोअर नेट्स किंवा व्यायामापुरतं उरतं. याच काळात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धांची नोंदणी येते. तिथे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. मुंबई शालेय क्रीडा संघटनेच्या क्रिकेट स्पर्धांपैकी गाइल्स शिल्ड १४ खालची आणि हॅरिस शिल्ड १६ खालची. त्यामुळे तोच मुलगा एका स्पर्धेत मोठ्या गटात आणि दुसरीत लहान गटात बसू शकतो. कट-ऑफ तारखाही सगळीकडे सारख्या नसतात. प्रत्येक मुलाच्या नावापुढे जन्मतारीख आणि तो कुठल्या स्पर्धेत कुठल्या गटात बसतो, हे एकदाच लिहून ठेवलं की पुढचे दहा फोन वाचतात.

मग गणपती, सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी. दिवाळीनंतर शालेय क्रिकेटचा मुख्य हंगाम, आणि त्याच थंडीत प्रभादेवी, लालबाग, परळकडच्या मंडळांच्या कबड्डी स्पर्धा. या स्पर्धा संध्याकाळी प्रकाशझोतात सुरू होतात आणि रात्र कधी होते ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सराव ठेवलेला असेल तर तो रद्द धरूनच चाला.

मैदानांच्या बंद तारखा वेगळ्या रंगात. दसऱ्याच्या आसपास शिवाजी पार्क सभेच्या तयारीत असतं. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, त्यांची सोय शिवाजी पार्कवर होते, तेव्हा त्या आठवड्यात तिथे सराव धरूच नका. १ मेच्या संचलनाचंही तसंच. या तारखा दर वर्षी येतात आणि दर वर्षी कुणीतरी ५ डिसेंबरला किट घेऊन पार्कात उभा असतो.

परीक्षांचा रकाना नीट भरा. शाळेच्या संघात सगळ्यांचं वेळापत्रक एक असतं. क्लबाच्या संघात राज्य मंडळ, आयसीएसई आणि सीबीएसई असे तिन्ही असतात, आणि चाचण्यांचे आठवडे एकमेकांशी जुळत नाहीत. दहावीच्या मुलांची पूर्वपरीक्षा जानेवारीच्या आसपास, म्हणजे ऐन बाद फेऱ्यांच्या वेळी. त्यातला कोण खेळणार आणि कोण नाही, हे पालकांना ऑक्टोबरमध्येच विचारा. क्रीडा सवलतीच्या गुणांच्या आशेने काही पालक हो म्हणतात आणि जानेवारीत घाबरतात, हे गृहीत धरून एक राखीव खेळाडू तयार ठेवा.

शेवटचा रकाना रेल्वेचा. रविवारचा मेगाब्लॉक बहुधा एक-दोन दिवस आधी जाहीर होतो. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी तो बघणं हे टॉसची नाणी जवळ ठेवण्याइतकंच तुमच्या कामाचा भाग आहे.

सराव एकत्र, पण सरमिसळ नाही

तीन संघांचे दोन-दोन सराव म्हणजे आठवड्याला १२ तास. तेच तीन सामायिक सराव केले तर ६. शिवाय मोठी मुलं लहानांना बघतात, लहान मुलं मोठ्यांचं बघून शिकतात. पण ४५ मुलं एका मैदानावर आणली आणि शिट्टी वाजवली, एवढ्याने सामायिक सराव होत नाही. दोन तासांची ही मांडणी चालते:

पहिली २० मिनिटं वॉर्मअप, सगळ्यांचा एकत्र, सगळ्या संघांना तोच. तो तिन्ही कर्णधारांनी घ्यायचा, तुम्ही नाही. तुम्ही नसलेल्या सामन्याच्या सकाळीही हाच वॉर्मअप होणार आहे, म्हणून तो मुलांच्या हातात आत्ताच द्यायचा. या वेळात तुम्ही हजेरी घ्या आणि कोण लंगडतंय ते बघा.

पुढे २५ मिनिटांच्या तीन फेऱ्या, तीन जागा. एक जागा नेट्स, एक क्षेत्ररक्षण, एक व्यायाम किंवा नवं कौशल्य. गट वयाप्रमाणे नव्हे, कामाप्रमाणे पाडा, फक्त एक बंधन ठेवून: जिथे मार लागू शकतो तिथे वय आणि अंगकाठी बघायची. १२ वर्षांच्या पोराला १६ खालच्या वेगवान गोलंदाजापुढे सीझन बॉलवर, म्हणजे कडक चामडी चेंडूवर, उभं करायचं नाही. कबड्डीत चढाईचं पदलालित्य सगळ्यांना एकत्र शिकवता येईल, पकडीचा सराव मात्र वजनाप्रमाणेच.

तुम्ही एकाच जागी उभे राहा, नवं कौशल्य जिथे आहे तिथे. तिन्ही जागांवर फिरणारा प्रशिक्षक कुठेच शिकवत नाही, फक्त ओरडतो. क्षेत्ररक्षणाची जागा एखादा मोठा मुलगा उत्तम चालवतो, कारण तिथे पाहायला सोपं आणि मोजायला सोपं असतं.

शेवटची २५ मिनिटं प्रत्येक संघ वेगळा. इथे सामन्यातली परिस्थिती: शेवटच्या ४ षटकांत ३० हव्यात, किंवा कबड्डीत तीनच खेळाडू उरलेत आणि लोण वाचवायचा आहे. आज एका संघाबरोबर बसा, पुढच्या सरावाला दुसऱ्याबरोबर. कोणाबरोबर कधी बसलात ते लिहा. न लिहिता सोडलं तर आपण आपोआप जिंकणाऱ्या संघाकडे जातो.

आणि शब्द सगळ्या संघांत एकच असू देत. धाव घेतानाच्या कॉलिंगला एका गटात ‘येस-नो-वेट’ आणि दुसऱ्यात ‘चल-नको-थांब’ असेल, तर १४ खालचा मुलगा १६ खालच्या संघात गेल्याच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी रनआउट होतो.

शिवाजी पार्कात सराव घेत असाल तर कट्ट्यावरच्या काकांचं काय करायचं, हा प्रश्न वेगळा. ते तुमच्या फलंदाजाचा ग्रिप बदलून जातील. त्यांच्यातल्याच एखाद्याला स्कोअरिंगला बसवा. निम्मे सल्ले आपोआप थांबतात आणि स्कोअरबुक मात्र सुरेख लिहिलं जातं.

मदतनीस निवडा आणि त्याला खरा अधिकार द्या

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, हॅरिस शिल्डची उपांत्य फेरी, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. आपल्या कामाचा भाग मात्र त्या आकड्याच्या मागे आहे. दोघांचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर त्या वेळी मैदानावर नव्हते. मदतनीस प्रशिक्षक सीमेबाहेरून डाव घोषित करा म्हणून खुणा करत होते आणि दोघे पठ्ठे तिकडे बघतच नव्हते. शेवटी उपाहाराच्या वेळी सरांना फोन गेला, त्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे डाव घोषित झाला.

विक्रम झाला म्हणून आपण ही गोष्ट हसत सांगतो. पण तुमच्या संघाच्या बाबतीत विचार करा. मदतनिसाचा शब्द मुलं मानत नसतील तर तो तिथे छत्री धरायला उभा आहे. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला, सगळ्या मुलांसमोर आणि पालकांसमोर, एक वाक्य बोलायचं: मी नसेन त्या दिवशी यांचा निर्णय हाच माझा निर्णय. आणि मग तो पाळायचा. त्याने चुकीचा गोलंदाज लावला तरी मुलांसमोर त्याला बोलायचं नाही. सोमवारी, दोघंच असताना बोला.

मदतनीस कुठून आणायचे? तुमचेच जुने खेळाडू, आता कॉलेजात असलेले. त्यांना मैदान हवं असतं, मुलं त्यांना दादा म्हणतात आणि ऐकतात. मुलींच्या संघाला जुन्या खेळाडूंमधली एखादी ताई मिळाली तर सोन्याहून पिवळं. तरीही तिच्यासोबत शाळेची एक मोठी, जबाबदार व्यक्ती हवीच. १९-२० वर्षांच्या मुलामुलींवर खेळाची जबाबदारी टाकता येते. अपघात, पोलीस, हॉस्पिटल ही जबाबदारी टाकता येत नाही. त्यांना प्रवासखर्च आणि थोडं मानधन द्या. फुकटचा मदतनीस परीक्षेच्या पहिल्या आठवड्यात नाहीसा होतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पालकांना काम जरूर द्या: पाणी, स्कोअरबुक, घरी जाताना मुलांची मोजणी. संघनिवड आणि फलंदाजीचा क्रम यांच्या जवळपास त्यांना फिरकू देऊ नका. स्वतःचं मूल खेळत असताना तटस्थ राहणं संतांनाच जमेल.

प्रत्येक सामन्याआधी मदतनिसाला एका पानाची चिठ्ठी द्यायची. तोंडी सांगितलेलं दादर येईपर्यंत विसरलं जातं. चिठ्ठी अशी असू शकते:

‘मैदानावर ७.३० ला. खेळणारे अकरा आणि राखीव तीन मागे लिहिलेत. टॉस जिंकलात तर विकेट ओली दिसल्यास गोलंदाजी, नाहीतर फलंदाजी. पहिले चार फलंदाज ठरलेले, पुढचे कर्णधार ठरवेल. डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाची १० षटकं झाली की बंद, मॅच कुठल्याही स्थितीत असो. यष्टिरक्षकाला दमा आहे, पंप त्याच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात. राखीव मुलांना क्षेत्ररक्षणाला उतरवायची संधी शोध. माझ्यासाठी दोन गोष्टी बघ: ऑफस्पिनर मार खाल्ल्यावर काय करतो, आणि सातव्या नंबरचा मुलगा सिंगल घेतो का. फोन फक्त लंचला.’

शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड, तुमच्यासाठी. दर दोन षटकांनी फोन केलात तर मैदानावर प्रशिक्षक कोणीच उरत नाही. अपवाद एकच: कोणाला लागलं तर लगेच.

क्लॅशच्या दिवशी कुठे जायचं

हा निर्णय त्या आठवड्यात घेऊ नका. तेव्हा मुख्याध्यापक, क्लबाचे अध्यक्ष आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचे पालक तो तुमच्या वतीने घेतात. नियम ऑगस्टमध्ये लिहा आणि सगळ्यांना द्या. माझ्या मते क्रम असा असावा.

आधी सुरक्षा. ज्या संघाबरोबर जबाबदार मोठी व्यक्ती नाही, तिथे तुम्ही. तुम्हीही जाऊ शकत नसाल तर तो संघ जाणार नाही, वॉकओव्हर गेला तरी चालेल. मग वय: लहान गटाला प्राधान्य. लोक हे उलट करतात. १६ खालच्यांची उपांत्य फेरी म्हटली की सगळे तिकडे धावतात आणि १२ खालच्या मुलांना कोणाच्या तरी बाबांच्या स्वाधीन करतात. पण १६ खालच्या संघाला तुम्ही दोन वर्षं शिकवलं आहे, चांगला कर्णधार आहे, तो सामना ते चालवू शकतात. १२ खालच्या मुलाला पहिल्या चेंडूवर बाद झाल्यावर काय करायचं ते ठाऊक नसतं. त्याच्या शेजारी बसायला तुम्ही हवेत. अंतिम सामना आला तर या नियमाला मुरड घाला, दर बाद फेरीला नको.

त्यानंतर बाद फेरी विरुद्ध साखळी. आणि तरीही बरोबरी झाली तर मागच्या वेळी ज्यांना तुम्ही मिळाला नाहीत, ते.

एकाच परिसरातले दोन सामने असतील तर दिवस वाटून घेता येतो. आझाद मैदानावर एका मॅचचा पॉइंटवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या मॅचच्या मिडविकेटवाल्याशेजारी उभा असतो. तिथून क्रॉस मैदान आणि ओव्हल मैदानही चालत जाण्याइतके जवळ आहेत. तिथे अर्धा दिवस इथे, अर्धा तिथे शक्य आहे. पण आझाद मैदान आणि गोरेगाव असेल तर दारापासून दारापर्यंत सव्वा ते दीड तास धरा, रविवारी जास्त. असल्या दिवशी एकच ठिकाण निवडा आणि तिथे पूर्ण दिवस बसा.

ज्यांचा सामनाच नाही त्या मुलांचं काय? त्यांना मोठ्यांच्या मॅचला टाळ्या वाजवायला नेणं सोयीचं असतं. तेंडुलकरनेच सांगितलेला एक प्रसंग इथे उपयोगी पडतो. तो शाळेच्या ज्युनियर संघात होता, सीनियर संघाचा हॅरिस शिल्डचा अंतिम सामना वानखेडेवर होता. आचरेकर सरांनी त्याच दिवशी त्याच्यासाठी दुसरीकडे सरावाचा सामना ठरवला होता. त्या संघाच्या कर्णधाराशी बोलून ठेवलं होतं: हा चौथ्या क्रमांकावर खेळेल, क्षेत्ररक्षण नको. पोरगा तिकडे न जाता वानखेडेवर गेला आणि सरांची बोलणी खाऊन आला. आपण शिकायचं ते सरांच्या रागाकडून नाही, त्यांच्या तयारीकडून. मोठा सामना असतानाही एका लहान मुलाची संध्याकाळ त्यांनी आधीच लावून दिली होती, कोणाशी बोलायचं आणि तो कुठल्या क्रमांकावर खेळणार, इथपर्यंत.

प्रवासाचे दोन नियम. मुलांनी एकेकट्याने मैदानावर यायचं नाही, ठरलेल्या स्टेशनवर, ठरलेल्या जागी, तिकीट खिडकीजवळ किंवा इंडिकेटरखाली जमायचं. आणि किटबॅगा पहाटेच्या गाडीला लगेजच्या डब्यात, पण त्यांच्यासोबत दोन मोठी मुलं आणि एक मोठा माणूस. उतरताना मोजणी, चढताना मोजणी.

प्रत्येक संघाची कागदपत्रांची फाइल वेगळी ठेवा: ओळखपत्रं, जन्मदाखल्याच्या प्रती, बोनाफाइड, प्रवेशिकेची पावती, पालकांचे नंबर. सगळं तुमच्या एकाच बॅगेत असेल, तर तुम्ही ज्या मैदानावर नाही तिथला संघ टॉसलाच अडकतो. खेळून हरणं ठीक, फाइल गोरेगावला राहिली म्हणून हरणं नाही.

दोन संघांत खेळणारा मुलगा

या सगळ्या व्यापात सगळ्यात जास्त ताण कोणावर येतो? तुमच्यावर नाही. १४ खालच्या संघातल्या त्या मुलावर, जो चांगला आहे म्हणून १६ खालच्या संघातही घेतला आहे, रविवारी क्लबाकडून खेळतो, बुधवारी दुसऱ्या अकॅडमीत नेट्सला जातो आणि शनिवारी रात्री सोसायटीतल्या पोरांबरोबर टर्फवर बॉक्स क्रिकेट. प्रत्येक प्रशिक्षकाला वाटतं, आपण त्याला फक्त दोन दिवस घेतो. एकूण बेरीज कोणीच करत नाही.

ती बेरीज तुम्ही करा. दर सोमवारी अशा मुलांना, संघातली ही चार-पाच जणंच असतात, एक प्रश्न: गेल्या आठवड्यात कुठे कुठे खेळलास, किती वेळ? टर्फसकट. क्रीडावैद्यकात एक ढोबळ मर्यादा वापरतात: आठवड्याला जेवढे तास संघटित खेळ, ते मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. १३ वर्षांचा असेल तर १३ तास. आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून दूर. आपल्याकडे पावसाळा ही सुट्टी आपसूक देतो. ती इनडोअर कॅम्प लावून बुजवू नका. त्या महिन्यांत फुटबॉल, पोहणं, मल्लखांब, काहीही चालेल.

वेगवान गोलंदाजांचं गणित वेगळं, कारण त्यांची पाठ वाढीच्या वयात चटकन दुखावते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने अनेक वर्षं वापरलेली मर्यादा सोपी आहे: १३ खालच्यांना एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकं, १४ आणि १५ खालच्यांना ६ आणि १२. संघ एक असो की तीन, शरीर एकच असतं, म्हणून ही मोजणी खेळाडूच्या नावाने ठेवायची, संघाच्या नावाने नाही. नेट्समधले चेंडूही धरायचे. बरीच मुलं मॅचमध्ये ८ षटकं टाकतात आणि आदल्या दिवशी नेट्समध्ये त्याच्या दुप्पट.

दोन संघांतल्या मुलासाठी हंगामाच्या सुरुवातीलाच एक मुख्य संघ ठरवा. दोन्हीकडे सामना असेल तर तो तिथे खेळेल. दिवसाला एकच सामना, सकाळी एक आणि दुपारी एक नाही, कितीही आग्रह झाला तरी. दुसरा संघ तुमचा नसेल तर तिथल्या प्रशिक्षकाला फोन करा. हा फोन अवघड वाटतो, कारण मुंबईत दोन क्लबांच्या प्रशिक्षकांमध्ये जुनी खुन्नस असतेच. पण बहुधा समोरचाही त्याच मुलाच्या पाठीची काळजी करत असतो आणि कोणीतरी आधी बोलायची वाट बघत असतो. मुलाला निरोप्या करू नका. ‘सर, ते सर नाही म्हणाले’ हे वाक्य १३ वर्षांच्या मुलाने बोलायचं नसतं.

आणखी एक गोष्ट. तो वरच्या गटात गेला की खालच्या संघातली त्याची जागा रिकामी होते, तिथे नवव्या नंबरवर खेळणाऱ्या मुलाला चौथ्या नंबरवर पाठवा. अनेक संघ सांभाळण्याचा हा एक मोठा फायदा आहे, आणि आपण तो क्वचितच घेतो.

पालक, ग्रुप आणि रात्रीचे मेसेज

प्रत्येक संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वेगळा, आणि त्यात फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं. चर्चा हवी असेल तर पालकांचा स्वतःचा ग्रुप असतोच, त्यात शिरू नका. सामन्याचा मेसेज नेहमी एकाच साच्यात: संघ, मैदान, जमण्याची जागा आणि वेळ, सोबत कोण, कोणता डबा, परतीची अंदाजे वेळ. संघाचं नाव पहिल्या शब्दात. चार ग्रुप असले की एकदा तरी चुकीच्या ग्रुपवर मेसेज जातो, आणि १२ खालची मुलं पहाटे ओव्हलवर उभी राहतात.

रात्री ८ नंतर उत्तर नाही, हे पहिल्या सभेत सांगा. ‘माझ्या मुलाला का घेतलं नाही’ हा प्रश्न मेसेजवर कधीच सोडवू नका. सरावानंतर दहा मिनिटं भेटा, मुलाला सोबत ठेवा, आणि त्याने पुढच्या महिन्यात काय सुधारायचं ते त्याच्यासमोर सांगा.

खेळाडूंशी खाजगी चॅट नाही. निरोप द्यायचा तर पालक त्यात असलेच पाहिजेत, तुमच्यासाठी आणि तुमच्या प्रत्येक मदतनिसासाठी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गप्प राहणं हाही गुन्हा ठरतो. कॉलेजात जाणाऱ्या मदतनिसाला हे बहुधा कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा.

पेटी, पाणी, पाऊस

प्रथमोपचार पेटी संघाची असते, प्रशिक्षकाची नाही. प्रत्येक किटबॅगेत एक. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद: १०८ रुग्णवाहिका, ११२, त्या मैदानाजवळचं हॉस्पिटल, आणि मुलांच्या अ‍ॅलर्जी. डोक्याला चेंडू लागला किंवा कबड्डीत डोकं आपटलं, तर तो मुलगा त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. तो ‘ठीक आहे सर’ म्हणाला तरी, अंतिम सामना असला तरी. हे मदतनिसाच्या चिठ्ठीत दर वेळी लिहा, कारण तुम्ही नसताना हाच निर्णय सगळ्यात जास्त ढकलला जातो.

ऑक्टोबरमध्ये पाण्याचा ब्रेक दर अर्ध्या तासाने, तहान लागण्याची वाट न बघता. पावसाळ्यात पायाला जखम असलेल्या मुलाला साचलेल्या पाण्यात खेळवू नका. तो तशा पाण्यातून चालून आला असेल तर लेप्टोच्या धोक्यासाठी डॉक्टरकडे पाठवा, ताप येण्याची वाट न बघता.

किट आणि पैसे

इथे थोडक्यात. प्रत्येक संघाच्या बॅटी, स्टंप, पॅडवर वेगळ्या रंगाची टेप. फीचा आणि खर्चाचा हिशोब संघानुसार वेगळा, आणि तो तुमच्याशिवाय आणखी एका माणसाला दिसेल असा. माळ्याला दिलेले पैसेही त्यात लिहा.

सोमवारची वीस मिनिटं

नसलेल्या सामन्याचा वृत्तांत आधी कर्णधाराकडून ऐका, मग मदतनिसाकडून, स्कोअरबुक शेवटी. क्रम बदलला तर तुम्ही आकडे बघून प्रश्न विचारता आणि मुलं बचावात्मक होतात. चिठ्ठीतल्या दोन गोष्टींचं काय झालं ते विचारा. निकालाबद्दल विचारायची गरज नाही, तो ते स्वतःच सांगतील.

मग एका वहीत, संघाप्रमाणे नव्हे तर मुलाप्रमाणे: किती चेंडू खेळायला मिळाले, किती षटकं टाकली, किती सामने बाकावर बसला. महिन्याने ही वही उघडली की दिसतं, तीन संघांत मिळूनही एखाद्या मुलाला अकराच चेंडू मिळालेत. तो मुलगा पुढच्या जूनमध्ये येत नाही आणि कारणही सांगत नाही. त्याच्यासाठी पुढच्या रविवारी एक सरावाचा सामना लावा, त्यात तो सलामीला.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की पुन्हा जूनचा तो कागद काढा आणि प्रत्यक्षात किती तास गेले ते शेजारी लिहा. एखादा संघ सोडायचा असेल तर तो याच महिन्यात सोडा, नोव्हेंबरात नाही. नव्या प्रशिक्षकाला फाइल, मुलाप्रमाणे लिहिलेली वही आणि पालकांचे नंबर द्या, पहिल्या दोन सरावांना त्याच्या शेजारी उभे राहा, आणि तिसऱ्याला जाऊ नका.